रस्ता सोडा, मला शेक घ्यायचाय

मला झालेल्या आजाराचं नाव गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. आमच्या घरात हे नाव कितीतरी महिने कुणी घेतलं नाही, म्हणून इथं पहिल्याच ओळीत लिहून टाकते. पाहुण्यांना सांगायचं, 'पोटाचं हाय.' डेपोत सांगायचं, 'गाठ निघालीय.' शेजारच्या बाईनं विचारलं तर, 'अशक्तपणा आलाय.' कमरेखालच्या दुखण्याला आमच्याकडं नाव नसतं. ते ज्या बाईला झालं, तिला मात्र लगेच नावं ठेवतात.

मी वंदना. एसटीत कंडक्टर आहे, देगलूर डेपोत; घर तिथून जवळच्या खेड्यात. नवरा प्रकाश स्वतःचा टेंपो चालवतो. लेक प्रज्ञा तेव्हा अकरावीत होती, तिच्यापेक्षा धाकटा लेक किनवटच्या आश्रमशाळेत मास्तर असलेल्या माझ्या भावाकडं शिकायला होता. घरात सासू, थोरले दीर आणि जाऊ. चूल वेगळी, अंगण एकच.

जी गोष्ट सांगणार आहे ती त्या दुष्काळातली, जेव्हा लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आमच्याकडं लेंडी नदी नुसती वाळू होऊन पडली होती. माझं आजारपण आणि तो दुष्काळ मला आजही वेगवेगळे आठवत नाहीत.

अंगावरून

सुरुवात पांढरं जाण्यानं झाली. ते तर सगळ्याच बायकांना जातं, त्यात काय सांगायचं? गाडीवर असताना लघवी दाबून ठेवायची सवय आम्हा बायकांना लागलेलीच असते. देगलूर-नांदेड रस्त्यावर बाईमाणसानं उतरून जावं अशी जागा नसते, म्हणून आम्ही पाणीच कमी पितो. त्यामुळं खालचं काही दुखलं-खुपलं की मी ते त्याच खात्यात टाकून द्यायची.

मग वास यायला लागला. मग नवऱ्याजवळ गेलं की रक्त दिसायला लागलं. पाळी नसताना, मध्येच. प्रकाश घाबरला आणि जवळ येईनासा झाला. मला वाटलं, चला, तेवढाच आराम.

जावेला सांगितलं. निर्मलाबाई माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या, घरातल्या सगळ्या दुखण्यांचं औषध त्यांना ठाऊक. त्यांनी निदान केलं, उष्णता. धन्याजिऱ्याचं पाणी, सब्जा, रात्री पायाला तूप. त्यानं काही झालं नाही तेव्हा त्याच मला एका खाजगी दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरनं पोटावरून मशीन फिरवलं आणि म्हणाला, पिशवीला सूज आहे, काढून टाकू.

मी विचारलं, सूज कशानं आली? तो म्हणाला, काढल्यावर तपासायला पाठवू, मग कळेल. आणि जावेकडं बघून म्हणाला, दोन लेकरं झालीत ना, आता पिशवीचं काय काम?

आमच्या भागात 'पिशवी काढली' हे बायका दाढ काढल्यासारखं सांगतात. चाळिशीच्या आतल्या किती जणींनी काढली असेल त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या, शेतात राबणाऱ्या, घरात बसलेल्या, सगळ्याच. मीही काढून मोकळी झाले असते. पण 'काढल्यावर तपासू' हे त्याचं वाक्य डोक्यात गेलं. आमच्या डेपोतला मेकॅनिकसुद्धा आधी बॉनेट उघडून बघतो, मग सांगतो काय बदलायचं. मी पर्स उचलली आणि बाहेर आले.

निर्मलाबाई वाटेत म्हणाल्या, "शिकलेल्या बाईला डॉक्टरपेक्षा जास्ती कळतं."

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि एकटीच देगलूरच्या सरकारी दवाखान्यात गेले.

तपासणी

तिथं भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, तीस वर्षांपुढच्या महिलांनी गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी करून घ्यावी. बाजूला एका हसऱ्या बाईचं चित्र. प्रज्ञाला ताप आला तेव्हा, सासूला चष्मा करायचा होता तेव्हा, मी त्या भिंतीखाली कितीदा बसले असेन. ते आपल्यासाठी लिहिलंय असं कधी मनात आलं नाही.

तपासणी कशी असते ते सांगते, कारण बायका त्याच भीतीनं जात नाहीत. पडद्याआड टेबलावर पाय वर करून झोपायचं. लाज वाटते, ते खोटं कशाला सांगू? सिस्टरनं अंगावर चादर टाकली, कमरेखालचं जराही जास्त उघडं ठेवलं नाही. आत एक चिमटा घालतात, तो गार लागतो. दुखत नाही, दाटल्यासारखं होतं. मग कापसानं एक पाणी लावतात. "लोणच्यात घालतात तसलं व्हिनेगर हाय, घाबरू नका," असं ती म्हणाली. थोडा वेळ थांबायचं. आत काही बिघडलं असेल तर तेवढी जागा पांढरी दिसते. झालं. बाळंतपणात आपण जे सोसतो त्यापुढं हे काहीच नाही.

माझ्या वेळी मात्र सिस्टर मध्येच थांबली. कापूस लावायच्या आधीच रक्त यायला लागलं होतं. तिनं डॉक्टरबाईंना बोलावलं. त्यांनी बघितलं आणि मला कपडे नीट करायला लावून समोर बसवलं. नांदेडला जाऊन तुकडा तपासायला द्यायचा, आणि आठवडा घालवायचा नाही, असं त्यांनी सांगितलं.

मी विचारलं, पिशवी काढली असती तर?

त्या म्हणाल्या, न तपासता काढली असती तर आजार आत राहिला असता आणि उपचार अवघड झाला असता.

बाहेर येऊन मी बाकावर बसले. घाबरले होतेच. पण हेही आठवतं की त्याच वेळी मला त्या खाजगी डॉक्टरचा असा राग आला की भीतीला जागाच उरली नाही. पुढंही तसंच होत गेलं. रागानं मला पुष्कळदा उभं ठेवलं.

नांदेड

निकाल घ्यायला प्रकाश बरोबर होता. नायगावपर्यंत आम्ही ज्वारीच्या कडब्याचे भाव, प्रज्ञाची शिकवणी असलं बोलत होतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जनावरांच्या छावण्या. नायगावच्या पुढं बोलणं संपलं.

डॉक्टर तरुण होता. त्यानं कागद बघितला आणि प्रकाशला सांगायला सुरुवात केली. तुमच्या मिसेसना असं आहे, तुमच्या मिसेसना तसं करावं लागेल. मी मध्ये बसलेली.

मी म्हणाले, "साहेब, मला सांगा. आजार मला हाय."

तो वरमला. मग माझ्याकडं बघून त्यानं नीट सांगितलं. कॅन्सर आहे. पिशवीच्या तोंडाच्या जरा पुढं सरकलाय, पण लांब गेलेला नाही. ऑपरेशनपेक्षा शेक, म्हणजे रेडिएशन, आणि सलाईनमधून औषध, दोन्ही बरोबर. त्यासाठी लातूरला जावं लागेल. बरं व्हायची आशा चांगली आहे. प्रकाशनं विचारलं, हे होतं कशानं? तो म्हणाला, एक विषाणू असतो, तो शरीरसंबंधातून येतो.

एवढंच बोलून त्यानं पुढच्या पेशंटला हाक मारली.

परत येताना प्रकाश खिडकीकडं बसला आणि देगलूर येईपर्यंत बाहेर बघत राहिला. मला कॅन्सर झालाय हे मला कळून दोन तास झाले होते, आणि माझा नवरा माझ्याकडं बघत नव्हता.

मुक्कामी गाडी

घरात कोण कुणाला काय बोललं मला माहीत नाही, पण आठवड्यात सगळ्यांना सगळं कळलं होतं. सासूबाईंनी माझा पेला वेगळा ठेवला. त्या वाईट नव्हत्या, त्यांना वाटलं लागण होते. पेल्याचं मी समजू शकले. जावेचं बोलणं समजून घेणं जड गेलं.

मी परसात कपडे वाळत घालत होते आणि निर्मलाबाई आत सासूबाईंना सांगत होत्या, कंडक्टरची नोकरी, मुक्कामी गाडी, रात्र-रात्र बाहेरगावी. डॉक्टरच म्हणालाय ना कशानं होतं ते. आता आपण काय बोलावं?

मुक्कामी गाडी म्हणजे रात्री शेवटच्या गावी थांबणारी आणि पहाटे निघणारी गाडी. मी ग्रामपंचायतीच्या खोलीत आतून कडी लावून, कडीला तिकिटाच्या पिशवीचा बंद बांधून झोपायची. उंदीर अंगावरून जायचे. त्या रात्रींवर माझ्या लेकरांच्या फिया भरल्या गेल्या, आणि त्याच रात्री आता माझ्या अंगावर येत होत्या.

मी ओले कपडे तसेच टाकून आत गेले. निर्मलाबाईंना म्हणाले, हे माझ्या तोंडावर बोला. सासूबाई म्हणाल्या, जाऊ दे, आजारी माणसानं भांडू नये. मला वाटलं, आजारी माणसानंच भांडावं, त्याच्याकडं वेळ कमी असतो.

प्रकाश त्या दिवसांत अंगणात झोपायला लागला होता. उकडतंय म्हणायचा. एका सकाळी तो टेंपो धूत होता, म्हणजे ओल्या फडक्यानं पुसत होता, तेवढंच पाणी होतं. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"तुझ्या मनात काय हाय ते बोल," मी म्हणाले.

तो म्हणाला, "लोकं बोलून राहिलेत."

"लोकांचं नको. तुझं बोल."

बराच वेळ फडकं पिळत राहिला. मग म्हणाला, "मला म्हाईत न्हाई."

"मलाबी म्हाईत न्हाई," मी म्हणाले. "तू माल घेऊन हैदराबादला जातोस, चार-चार दिवस येत न्हाईस. मी कधी विचारलं? नांदेडहून आल्यावर बी विचारलं न्हाई. तू मात्र अंगणात झोपलास."

तो परत टेंपो पुसायला लागला. मी आत जाऊन लातूरला जायची पिशवी भरायला घेतली.

लातूरचं पाणी

लातूरला माझी मावसबहीण सुजाता राहते. दोन खोल्या, नवरा औद्योगिक वसाहतीत कामाला. सोमवार ते शुक्रवार शेक, शनिवारी घरी, असं महिनाभराहून जास्त चालायचं होतं. तिनं ये म्हटलं, पण ती तोंड उघडायच्या आधी तिची नजर मोरीतल्या पिंपाकडं गेली, ते मी बघितलं. मला त्याचा राग आला नाही. त्या उन्हाळ्यात लातूरला पाहुणा म्हणजे पाण्याला आणखी एक तोंड. नळ कोरडेच, टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा, आणि त्याच्यामागं घागरी घेऊन सगळी गल्ली पळायची.

आणि दवाखान्यात काय सांगितलं असेल? शेक घ्यायच्या आधी पोटभर पाणी प्यायचं आणि लघवी न करता थांबायचं. मूत्राशय भरलेलं असलं की आतडी वर सरकतात, शेक नेमका लागतो. मशीनवरच्या माणसानं मला हे समजावून सांगितलं आणि वर विचारलं, जमेल का, पुष्कळ बायकांना धरवत नाही. मी म्हणाले, मी एसटीत कंडक्टर आहे. तो हसला. माझ्या आजारपणात मी पहिल्यांदा हसले ती तिथं.

शेक दुखत नाही. मशीनखाली निजायचं, हलायचं नाही. तब्येत बिघडते ती नंतर. दोन आठवड्यांनी मला जुलाब सुरू झाले. खालची कातडी भाजल्यासारखी झाली. सलाईनच्या दिवशी उलट्या. ज्या घरात भांडी राखेनं घासून पुसून ठेवत होते, तिथं मला दिवसातून सात-आठ वेळा पाणी लागायचं. मी तांब्यातलं पाणी मोजून वापरायची आणि संडासात बसून रडायची. कॅन्सरची नव्हे, त्या तांब्याची लाज वाटायची.

शेजारी खैरून चाची राहायची. एकटी म्हातारी, लेक हैदराबादला. एका दुपारी तिनं दारात बादली आणून ठेवली आणि सुजाताला म्हणाली, "बीमार बाई हाय घरात. मला एकटीला किती पानी लागतंय?" त्यानंतर टँकर आला की तिची एक बादली आमच्या दारात असायची. मी आभार मानायला गेले तर तिनं मला बसवून ज्वारीच्या कण्या घातलेली पातळ कांजी पाजली. तेवढीच पोटात टिकली.

तिसऱ्या आठवड्यात लातूरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, नवरा का येत नाही. मी खरं ते सांगितलं. त्यांनी माझ्यासमोरच प्रकाशला फोन लावला आणि शुक्रवारी येऊन भेटा असं फर्मावलं.

तो आला. त्यांनी त्याला समोर बसवलं आणि सरळ बोलल्या. हा विषाणू संसार करणाऱ्या बहुतेक माणसांना कधी ना कधी होऊन जातो. बायांनाही, पुरुषांनाही. बहुतेकांच्या अंगातून तो आपोआप निघून जातो, कुणाच्या तरी अंगात पुष्कळ वर्षं दबा धरून बसतो. कधी आला, कुणाकडून आला, हे जगातला कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही.

"तेव्हा ते शोधत बसू नका," त्या म्हणाल्या. "हिला पाणी लागतं. ते आणता येतं का बघा."

प्रकाश मान खाली घालून बाहेर आला. पायरीवर बसला. मला घेऊन घरी आला, आणि रविवारी दिवसभर कुठंतरी गायब होता. संध्याकाळी टेंपो अंगणात लागला तेव्हा मागं निळे प्लास्टिकचे ड्रम उभे होते, काठोकाठ भरलेले. सीमेपलीकडं, तेलंगणात, त्याच्या मित्राच्या शेतातल्या बोअरला अजून पाणी होतं, तिथून भरून आणले होते.

"उद्या एसटी बंद हाय," तो म्हणाला. "मी सोडतो तुला."

रस्ता

एसटी बंद होती कारण सोमवारी बंद पुकारला होता. उदगीर जिल्हा झालाच पाहिजे, ही मागणी आमच्या भागात जुनी. लातूर एकेकाळी उस्मानाबादेतूनच निघाला, मग आता लातुरातून उदगीर का नाही, असं लोक म्हणायचे. मला त्याचं वावडं नव्हतं. पण माझ्या शेकाला खाडा चालणार नव्हता.

उदगीरच्या अलीकडं रस्त्यावर बैलगाड्या आडव्या लावलेल्या. पन्नास-साठ माणसं, घोषणा. दोघं पुढं आले आणि टेंपो थांबवला. प्रकाश खाली उतरून हात जोडून म्हणाला, पेशंट आहे, लातूरला न्यायचंय.

एकानं विचारलं, काय झालंय?

प्रकाश म्हणाला, "पोटाचं हाय."

तो माणूस मागच्या ड्रमांकडं बघून हसला. पोटाचा पेशंट आणि गाडीत पाण्याचे ड्रम. पाणी विकायला चाललेत म्हणाला, आणि आणखी काही जण गोळा झाले. उन्हाळ्यात पाण्यावरून माणसं कशी पेटायची ते सगळ्यांनी बघितलेलं होतं. एकानं ड्रमच्या दोरीला हात घातला. प्रकाश आवाज चढवून काहीतरी म्हणाला, आणि त्याची कॉलर कुणाच्या तरी मुठीत गेली.

मी खाली उतरले. जुलाबानं पायात जीव नव्हता, दार धरून उभी राहिले. पण आवाज माझा गाडीतल्या शेवटच्या सीटपर्यंत जातो.

"मला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर हाय," मी म्हणाले. "बायांच्या पिशवीला तोंड असतंय, तिथं. शेक घ्यायला लातूरला चालले. शेकानं जुलाब लागतेत, म्हणून पाणी. तिथं धुवायला पाणी न्हाई. तुमचा जिल्हा व्हावा, मलाबी वाटतं, दवाखाना जवळ येईल. पण आज रस्ता सोडा."

घोषणा थांबल्या. कोणाला माझ्याकडं बघता येईना. ज्यानं कॉलर धरली होती त्यानं ती सोडली आणि स्वतःच नीट केली. मागं कुणीतरी बैल धरून गाडी बाजूला ओढायला लागलं.

टेंपो चालू झाला तेव्हा एक पिकल्या मिशांचा माणूस माझ्या खिडकीशी आला. बरोबर चालत राहिला. हळू आवाजात म्हणाला, "बाई, माझ्या मालकिणीला बी लई दिसापासून जातंय. पाळी बंद होऊन वर्षं झाली, तरी रगत दिसतंय. कुठं दाखवावं?"

मी त्याला सांगितलं. कुठं जायचं, काय विचारायचं, आणि पिशवी काढा म्हटलं तर आधी तपासा म्हणायचं. तो दोन-तीनदा ते शब्द पुटपुटत मागं राहिला.

बरंच पुढं गेल्यावर प्रकाशनं टेंपो एका लिंबाखाली थांबवला. स्टेअरिंगवर हात ठेवून बसला.

"माझ्याच्यानं ते नाव निघालं न्हाई," तो म्हणाला. "आन तू सगळ्या माणसांत सांगितलंस."

मी म्हणाले, "मग आता सांग. इथं कुणीच न्हाई."

त्यानं सांगितलं. आधी अडखळत, मग सलग. मग तो खूप रडला. मी त्याला रडू दिलं. त्यानं ड्रममधून पेलाभर पाणी काढून मला दिलं आणि त्याच पेल्यानं स्वतः प्यायला.

लातूरला पोचल्यावर त्यातला एक ड्रम खैरून चाचीच्या दारात उतरवला. त्या दिवसापासून दर रविवारी प्रकाश ड्रम भरायचा.

आतला शेक

शेवटी आतून शेक देतात. त्याबद्दल कुणी सांगत नाही म्हणून लिहिते. भूल देऊन आत नळ्या बसवतात, मग तसंच पडून राहायचं. मला ते सगळ्यात जड गेलं. दुखण्यापेक्षा, आपलं शरीर आपलं उरलं नाही असं वाटायचं. तुमच्यावर ती वेळ आली तर रडा, सिस्टरचा हात धरा, दुखतंय म्हणून सांगा. मुकाट सोसल्याबद्दल कुणी बक्षीस देत नाही.

पाळी कायमची गेली. अंगातून वाफा निघायला लागल्या. नवरा-बायको म्हणून जवळ यायला आम्हाला पुष्कळ दिवस लागले, आणि आधीसारखं सगळं झालं असं मी म्हणणार नाही. आता त्यावर बोलतो, पूर्वी बोलत नव्हतो.

तपासण्या होत राहिल्या. आजार गेला असं लातूरच्या डॉक्टरबाई म्हणाल्या तेव्हा पावसाळा उलटून गेला होता. मी काही दिवस डेपोत खिडकीवर काम केलं आणि मग परत गाडीवर चढले. मुक्कामी ड्युटी मागून घेतली. मुद्दाम.

निर्मलाबाई

विहारात पौर्णिमेला बायका जमतात. मी बोलायचं ठरवलंय हे कळल्यावर थोरले दीर प्रकाशला म्हणाले, बायकोला आवर, तिथं म्हातारीकोतारी माणसं असतात. प्रकाश म्हणाला, माझ्यानं तर ती कधीच आवरली नाही, तुम्ही बघा प्रयत्न करून.

मी बोलले. त्रास होईपर्यंत थांबू नका. त्रास नसतानाच तपासायचं असतं. सगळ्या जमिनीकडं बघत बसल्या. पण नंतर दळणाला, नळावर, गाडीत, एकेक जण बाजूला येऊन विचारायला लागली. सिस्टरशी बोलून मी एक बुधवार ठरवला आणि गावातल्या बायका सकाळी माझ्याच गाडीनं देगलूरला न्यायच्या आणि माझ्याच परतीच्या फेरीनं आणायच्या ठरल्या.

निर्मलाबाईंना मी विचारलं नव्हतं. परसातलं बोलणं मी विसरले नव्हते आणि विसरायचा माझा विचारही नव्हता. प्रज्ञा म्हणाली, काकूंनाही सांग ना. मी म्हणाले, त्यांना ऐकू येत नाही का?

बुधवारी गाडी सुटता सुटता त्या आल्या. मागच्या सीटवर जाऊन बसल्या. मी तिकीट द्यायला गेले तर माझ्याकडं न बघता पैसे पुढं केले.

दवाखान्यात त्यांचा नंबर आला. सिस्टर बाहेर येऊन मला म्हणाली, तुमच्या जाऊबाईंना पांढरा डाग दिसतोय. मी उठून पडद्यापाशी गेले. पण डॉक्टरबाईंनी बघून सांगितलं, हा कॅन्सर नाही, त्याच्या पुष्कळ आधीची पायरी आहे. आजच, इथंच, थंड गॅसनं गोठवून टाकता येईल.

मी बाहेर बसले. एक चहा पिऊन होईतो निर्मलाबाई परत आल्या, पदर सावरत, स्वतःच्या पायांनी.

"झालं म्हणे," त्या म्हणाल्या. "काही दिवस पाणी जाईल. वर्षानं परत दाखवायचं. बस."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. त्या माझ्या शेजारी बसल्या.

मग त्यांनी विचारलं, "तुझं बी एवढ्यातच झालं असतं का? आधी बघितलं असतं तर?"

"हाव," मी म्हणाले.

आणि मला रडू फुटलं. लातूरला तांब्याची लाज वाटून रडले होते, पण हे रडणं निराळं होतं. ते जुलाब, त्या नळ्या, ती जळालेली कातडी, अंगणात टाकलेली ती बाज, सगळं एका चहाच्या वेळेत टळलं असतं. निर्मलाबाईंनी मला जवळ घेतलं नाही, तसा त्यांचा स्वभाव नाही. माफीही मागितली नाही. नुसत्या बसून राहिल्या.

तेवढ्यात आमच्याबरोबर आलेल्या दोघी पिशव्या उचलून हळूच दाराकडं निघाल्या. लाज वाटते, पुढच्या बुधवारी येतो, असं एकमेकींत कुजबुजत होत्या.

निर्मलाबाई उठल्या आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या. दोन्ही हात चौकटीला.

"कुठं चालल्याव?" त्या म्हणाल्या. "बसा खाली. मी आत्ताच आतून आलेय. तुमचं झाल्याबिगर आज गाडी सुटत न्हाई."

त्या दोघींनी माझ्याकडं बघितलं, कारण गाडी माझी होती. मी डोळे पुसले, शिट्टी पर्समध्ये टाकली आणि म्हणाले, खरं आहे, सुटत नाही.